दुसरे दार

आपली दिवाळी माणसापासून सुरू होत नाही, गोठ्यापासून सुरू होते. वसुबारसेच्या संध्याकाळी गाय-वासराच्या पायांवर पाणी पडते, कपाळी हळदकुंकू लागते, आणि त्यानंतर मग फराळाच्या डब्यांची झाकणे वाजू लागतात. पोळ्याला बैलाचा मान असतोच. शेजारच्या नेपाळात तर दिवाळीच्याच दिवसांत कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालून त्याला टिळा लावतात. वर्षातून एक दिवस का होईना, मुक्या जिवाला मानाच्या पाटावर बसवण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते.

पण वाचकहो, आपल्याकडच्या या मानकऱ्यांना धनी असतो. गाय कोणाच्या तरी दावणीची असते, बैल कोणाच्या तरी औताचा असतो. ज्याला दावण नाही, औत नाही, नाव नाही, त्याचे काय? नेपाळात रस्त्यावरच्या बेवारशी कुत्र्यालाही माळ मिळते हे खरे. पण माळ दुसऱ्या दिवशी सुकते, आणि कुत्रे रस्त्यावरच राहते.

बेवारशी जनावरासाठी शहराने घर बांधावयाचे ठरवले, तर ते कसे बांधावे? प्रश्न ओव्हरसियरच्या कचेरीतला वाटतो, परंतु त्याला चारशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो कादंबरीइतका रंगतदार आहे. शाळेच्या तपासण्या आणि माझ्या लिखाणाचे कागद यांच्या मधल्या सवडीत मी तो वाचीत आलो. वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की, या इतिहासात भिंतींना फारसे महत्त्व नाही, महत्त्व आहे ते दारांना. जनावर आत घेणारे दार कोणालाही सुचते. त्याला पुन्हा बाहेर, जगात सोडणारे दुसरे दार थोड्यांनाच सुचले, आणि सुचूनही ते पुनःपुन्हा बुजत गेले. त्या दुसऱ्या दाराचीच ही हकीकत आहे.

*

आरंभ अशोकापासून करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे, आणि येथे तो रास्तही आहे. गिरनारच्या शिळेवरील त्याच्या दुसऱ्या लेखात माणसांची आणि पशूंची, अशी दोन्ही प्रकारची चिकित्सा सुरू केल्याचे, औषधी वनस्पती आणवून लावल्याचे, वाटेवर विहिरी खणल्याचे सांगितले आहे. पण हे औषधपाण्याचे झाले. राहत्या घराची अगदी डोळ्यांपुढे उभी राहील अशी हकीकत मिळते ती पुढे सतराव्या शतकात, खंभातला.

इ. स. १६२३ च्या फेब्रुवारीत पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा रोमचा एक खानदानी प्रवासी खंभात बंदरी आला. गावात पक्ष्यांचे इस्पितळ आहे असे ऐकून तो मुद्दाम पाहावयास गेला. आजारी, लंगडे, जोडीदार हरवलेले असे नाना जातींचे पक्षी तेथे ठेवलेले होते. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या माणसांचा खर्च लोकांच्या दानातून चाले. एका कोपऱ्यात तर आईबाप हरपलेली उंदराची पिल्ले होती. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा त्यांना कापसाच्या पेटीत ठेवून, नाकावर चष्मा चढवून, पक्ष्याच्या पिसाने दूध पाजीत होता! चारशे वर्षांपूर्वीचा हा म्हातारा मला आमच्या शाळेतल्या एखाद्या जुन्या शिपायाइतका ओळखीचा वाटतो.

पण देल्ला व्हाल्लेने त्याच ओघात आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, आणि माझ्या मते ती या म्हाताऱ्याहूनही मोलाची आहे. पक्षी बरा झाला म्हणजे त्याचे काय करीत? रानचा असेल तर त्याला मोकळे सोडीत. माणसाळलेला असेल तर एखाद्या धर्मशील गृहस्थाच्या स्वाधीन करीत, आणि तो त्याला आपल्या घरी सांभाळी. हे झाले दुसरे दार. आज ज्याला आपण ‘दत्तक देणे’ म्हणतो ते खंभातच्या व्यापाऱ्यांनी कोणताही गाजावाजा न करता १६२३ च्या आधीच चालू केले होते. दत्तक म्हटले की आपल्याला सातारा आणि झांशी आठवतात, नामंजूर झालेले दत्तक आठवतात. पाखराचे दत्तक मंजूर करावयास मात्र कोणा गव्हर्नर जनरलची जरुरी पडली नाही.

*

या परंपरेतूनच ‘पांजरपोळ’ हा शब्द आपल्याकडे आला. पांजरा म्हणजे पिंजरा. पोळ म्हणजे अहमदाबादेकडे असते तशी एका मुख्य दरवाजाची वस्ती. संस्कृतातल्या ‘प्रतोली’पासून, म्हणजे वेशीच्या दारापासून, हा शब्द निघाला असे जाणकार सांगतात. शब्दातच दार आहे, पण ते एकच! मराठीत एखाद्या कचेरीत निकामी माणसांची भरती झाली की आपण तिला कुत्सितपणे पांजरपोळ म्हणतो. जे आत गेले ते परत यावयाचे नाही, हा अर्थ त्या शब्दाला चिकटला तो उगीच नव्हे.

मुंबईची पांजरपोळ निघाली ती एका दंगलीतून. कंपनी सरकारच्या काळात वर्षातले काही ठराविक दिवस बेवारशी कुत्री मारण्याचा शिरस्ता होता, आणि मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत. आठ आणे ही तेव्हा लहान रक्कम नव्हती. १८३२ साली ही मुदत वाढवली गेली. तेव्हा शिपाई लोभाने पाळीव कुत्र्यांवरही हात टाकू लागले आणि लोकांच्या आवारांत शिरू लागले. पारशी समाजाला तर कुत्रे पवित्र. त्यांच्या अंत्यविधीत मृताला कुत्र्याची दृष्टी दाखवण्याचा ‘सगदीद’ नावाचा संस्कार आहे. जूनच्या सहा तारखेला कोटात जमावाने शिपायांना चोपले. दुसऱ्या दिवशी हरताळ पडला, दुकाने बंद झाली, कोटातल्या साहेबलोकांची रसद अडली, आणि अखेर लष्कर बाहेर काढावे लागले. पारशांबरोबर हिंदू आणि जैनही या हरताळात होते. कुत्र्याच्या पायी सारे शहर बंद पडल्याचे असे उदाहरण दुसरीकडे क्वचितच सापडेल.

दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, मोतीचंद अमीचंद आणि जमशेटजी जिजीभाई या दोन शेठांच्या पुढाकाराने भुलेश्वराजवळ पांजरपोळ उभी राहिली. मोतीचंद हे जैन समाजातले मोतीशा शेठ, आणि जमशेटजी ते पुढे ‘सर’ झालेले. एक जैन आणि एक पारशी. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वखुषीने लागा बसवून तिचा खर्च चालवला. सरकारने मारावे आणि प्रजेने दंगा करावा, यापेक्षा प्रजेने स्वतः जागा द्यावी आणि पैसा उभारावा, हा मार्ग त्यांनी काढला. मुंबईच्या नागरी इतिहासात ही फार मोठी गोष्ट आहे. भुलेश्वराच्या गर्दीत ही संस्था अजून उभी आहे, आणि चेंबूरला तर एका नाक्याचे नावच पांजरापोळ आहे.

पुढे १८८३ साली सर दिनशा पेटिट यांच्या औदार्याने परळला बाई साकरबाईंच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ निघाले. निवाऱ्याच्या जोडीला डॉक्टर आला.

तरीही पांजरपोळीत दुसरे दार नव्हते. म्हातारी गाय, लंगडा घोडा, खरजुले कुत्रे आत येई, आणि आयुष्य सरेपर्यंत तेथेच राही. हेतू थोर होता. जीव देता येत नाही तर घेऊही नये, हे तत्त्व होते. परंतु आत येणाऱ्यांची रांग संपत नाही आणि बाहेर कोणीच जात नाही, अशा घराचे काय होते ते सांगावयास नको. जागा आखडते, चारा पुरत नाही, एकाचा रोग दहांना होतो. ज्याला वाचवावयाचे तोच गर्दीत कोमेजतो.

आपल्या संतांची दया याहून निराळ्या जातीची होती. नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले. नाथांनी काशीची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिकामी केली. या कथा ऐकताना अजूनही अंगावर काटा येतो. परंतु नाथांपुढे एक गाढव होते आणि नामदेवांपुढे एक कुत्रे. नगरपालिकेपुढे एकाच सकाळी चाळीस कुत्री येऊन उभी राहतात, आणि दुसऱ्या सकाळी आणखी चाळीस. तेथे दयेला हिशेब शिकावा लागतो.

*

सरकारी कोंडवाड्याला हिशेब ठाऊक होता, दया नव्हती. आपल्या खेड्यापाड्यांतला कोंडवाडा हा १८७१ च्या कायद्याचा. पिकात शिरलेले ढोर त्यात घालावे, धन्याने दंड आणि वैरणीचा खर्च भरून सोडवून न्यावे, ठराविक दिवसांत कोणी न आले तर दवंडी पिटून लिलाव करावा. म्हणजे बाहेरचे दार होते, पण ते फक्त किंमत असलेल्या जनावरासाठी. म्हशीला बोली लागते, बेवारशी कुत्र्याला कोण बोली लावणार?

त्या काळी विलायतेतही हेच चालले होते. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पकडलेली कुत्री लोखंडी पिंजऱ्यात भरून, तो पिंजरा यारीने उचलून ईस्ट नदीत बुडवीत. येथे दुसरे दार नदीत उघडत होते.

अशा काळात, १८६० साली, लंडनच्या हॉलोवे भागात मेरी टील्बी नावाच्या बाईंनी हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी एक तात्पुरते घर काढले. त्या ‘तात्पुरते’ शब्दाकडे लक्ष द्या. तो संस्थेच्या नावातच होता. कुत्रे येथे कायमचे राहावयाचे नाही. त्याचा धनी शोधावयाचा, न सापडला तर नवा पाहावयाचा. वर्तमानपत्रांनी बाईंची टिंगल केली. लंडनच्या गल्ल्यांत माणसांची पोरे उपाशी असताना कुत्र्यांचे लाड कसले, हा सवाल तेव्हाही झाला. परंतु १८६२ साली चार्ल्स डिकन्सच्या साप्ताहिकात या घराविषयी एक हृद्य लेख आला आणि वारे फिरले. शेजाऱ्यांना भुंकण्याचा त्रास होऊ लागला, म्हणून १८७१ मध्ये संस्था बॅटर्सीला आगगाडीच्या रुळांशेजारी गेली, आणि त्याच गावाच्या नावाने जगभर प्रसिद्ध झाली. १८८३ पासून तेथे मांजरांनाही जागा मिळू लागली.

मात्र येथेही एक काळी बाजू आहे, ती लपवून चालणार नाही. नवे घर मिळणाऱ्या कुत्र्यांपेक्षा येणारी कुत्री कितीतरी अधिक. १८८४ साली डॉक्टर रिचर्डसन यांनी बॅटर्सीत वेदनेवाचून मरण देणारी वायूची कोठडी बसवली. लाठीपेक्षा आणि नदीपेक्षा ती दयाळू होती. पण ते तिसरे दार होते, आणि पुढची शंभर वर्षे पश्चिमेतल्या बहुतेक शहरांत तेच सर्वांत जास्त वापरले गेले.

फिलाडेल्फियाची गोष्ट आणखी मनोवेधक आहे. तेथे कॅरोलाइन अर्ल व्हाइट या बाईंच्या खटपटीने १८६७ मध्ये प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारी सभा स्थापन झाली. पण बाईमाणूस म्हणून खुद्द त्यांनाच तिच्या कारभारी मंडळात जागा नव्हती. बाई रुसून बसल्या नाहीत. १८६९ मध्ये त्यांनी स्त्रियांची निराळी शाखा काढली, आणि थोड्याच अवधीत शहराचा कुत्र्यांचा कोंडवाडाच आपल्या ताब्यात मागून घेतला. कोंडवाड्याचा त्यांनी आसरा केला. फास टाकून फरफटत आणण्याची रीत बंद केली, धन्याची वाट पाहिली, नवे धनी शोधले. नगरपालिकेचे काम आणि दयेचे काम एकाच छपराखाली आणण्याचा हा अगदी आरंभीचा प्रयोग होता.

*

आपल्याकडे हा प्रश्न पुन्हा पेटला तो १९२६ साली. अहमदाबादच्या एका गिरणीमालकांनी आवारातली साठ मोकाट कुत्री मारवली आणि शहरात काहूर उठले. मंडळी गांधीजींकडे गेली, ती अर्थात त्यांनी निषेध करावा या अपेक्षेने. गांधीजींनी उलट मालकांची बाजू घेतली, आणि ‘यंग इंडिया’तून एक लेखमालाच लिहिली. शिव्याशापांच्या पत्रांचा त्यांच्यावर पाऊस पडला.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. मोकाट कुत्री ही समाजाच्या दयेची खूण नाही, त्याच्या अज्ञानाची आणि आळसाची खूण आहे. दाराशी आलेल्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकून आपण पुण्य मिळवल्याचे समाधान मानतो, पण त्याची जबाबदारी घेत नाही. प्रत्येक कुत्र्याला धनी असला पाहिजे. ज्याला खरी दया असेल त्याने कुत्रे घरी ठेवावे, नाहीतर ते ठेवणाऱ्या संस्थेला द्रव्य द्यावे. मारण्याच्या त्यांच्या समर्थनाशी आज अनेकांचे जमणार नाही, माझेही जमत नाही. परंतु त्यांनी बोट ठेवले ते बरोबर जागी. सवाल कुत्र्याचा नाही, धन्याचा आहे.

स्वातंत्र्यानंतर १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला, आणि १९६२ मध्ये नृत्यविदुषी रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या अध्यक्षतेखाली प्राणिकल्याण मंडळ स्थापन झाले. मद्रासच्या ‘ब्लू क्रॉस’ संस्थेने १९६४ पासून एक नवा मार्ग सुचवला. कुत्र्याला मारू नका, त्याची नसबंदी करा, लस टोचा आणि जेथून उचलले तेथेच सोडा. मद्रास महापालिकेला तो पटावयास १९९६ साल उजाडले. मुंबईने दोन वर्षे आधी, १९९४ मध्ये, मारणे थांबवून हाच मार्ग धरला. २००१ मध्ये देशभरासाठी तसे नियम झाले, आणि २०२३ मध्ये ते सुधारून नव्याने आले. खंभातच्या पक्ष्यांना जी वाट होती तीच ही वाट. रानच्याला रान, गल्लीतल्याला गल्ली.

*

आमच्या गावात एकदा नगरपालिकेची गाडी आली आणि शाळेच्या कुंपणापाशी झोपणारी तीन-चार कुत्री घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सहावीतल्या एका मुलीने तास चालू असताना उभे राहून विचारले, “गुरुजी, त्यांना परत कोण आणणार?” वर्ग हसला. मी नाही हसलो. चारशे वर्षांच्या इतिहासाचा गाभा त्या पोरीने एका वाक्यात विचारला होता. आणि योगायोग असा की फळ्यावर त्या वेळी हौदाचे गणित होते.

हौदाचे गणित आपण सर्वांनी सोडवले आहे. एका तोटीने पाणी येते, दुसरीने जाते, हौद किती वेळात भरेल? जनावरांचा निवारा हा नेमका असा हौद आहे. समजा, रोज दहा कुत्री येतात आणि प्रत्येक कुत्रे सरासरी पंधरा दिवस राहते. मग निवाऱ्यात कायम १५० कुत्री असणार. तीस दिवस राहिले तर ३००. सात दिवसांत त्याला जागा मिळाली तर केवळ ७०. इमारत तीच, नोकर तेच, आणि गर्दी निम्म्याहून कमी! आता दुसरी तोटी बंद करा. दहा वर्षांत ३६,५०० कुत्री आत गेलेली असतील, आणि पुष्कळशी तोवर जिवंत असतील. एवढा हौद कोणती नगरपालिका बांधणार? कोठड्या वाढवणे म्हणजे हौद वाढवणे. खरी करामत दुसरी तोटी मोठी करण्यात आहे.

पश्चिमेला हे उमजावयास विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. १९९४ साली सॅन फ्रान्सिस्को शहरात नगरपालिकेचा विभाग आणि तेथील जुनी प्राणिदया संस्था यांच्यात करार झाला. दत्तक देण्याजोगे निरोगी कुत्रे किंवा मांजर नगरपालिकेकडे पडून राहिले, तर संस्थेने ते घ्यावयाचे, मारावयाचे नाही. चार वर्षांनी, १९९८ मध्ये, त्या संस्थेने दत्तकासाठी निराळी इमारत बांधली. तीत पिंजऱ्यांऐवजी खोल्या केल्या. पिंजऱ्यातले कुत्रे पाहिले की माणसाला कीव येते. खोलीत गादीवर बसलेले कुत्रे पाहिले की हे आपल्या घरात कसे दिसेल असा विचार मनात येतो. कीव आलेला माणूस उसासा टाकून परत जातो, विचार करणारा कुत्रे घेऊन जातो. केवढे हे मनाचे शास्त्र!

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात २००१ पासून निवाऱ्यातील प्राण्यांच्या वैद्यकाचा स्वतंत्र अभ्यास सुरू झाला, आणि २०१० मध्ये तिकडच्या पशुवैद्यांनी निवारा कसा असावा याचे एक लेखी प्रमाण प्रसिद्ध केले. त्यातून जे शहाणपण हाती आले ते आपल्या घरातल्या कोणाही गृहिणीला पटेल असे आहे. कोठडीचे दोन भाग करावेत, मध्ये सरकते दार असावे. कुत्रे एका भागात असताना दुसरा धुता येतो, त्याला ओढून बाहेर काढावे लागत नाही, आणि ते झोपते तेथे त्याला घाण करावी लागत नाही. एका कोठडीचे सांडपाणी दुसरीतून वाहू नये. कारण पिल्लांना मारणारा पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो. भिंत आणि फरशी मिळते तो कोपरा गोल करावा, म्हणजे मळ साचत नाही. नवे आलेले, आजारी आणि निरोगी यांची जागा निराळी हवी. कोणाला चावलेले कुत्रे दहा दिवस नजरेखाली ठेवावे लागते, त्याची कोठडी निराळी हवी. मांजरांना कुत्री दिसू नयेत, ऐकूही येऊ नयेत. समोरासमोर कोठड्या केल्या की कुत्री एकमेकांना पाहून भुंकत सुटतात. बंद जागेतला हा आवाज १०० डेसिबलच्याही वर गेल्याचे मोजलेले आहे. त्या आवाजात दत्तक घेणारा पाच मिनिटे उभा राहत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दारे दोन हवीत. हा माझा अलंकार नव्हे, बांधकामातला नियम आहे. जनावर सोडावयास येणारा माणूस आणि न्यावयास येणारे कुटुंब यांची वाट एक असू नये. पहिल्याच्या हातात रोगी जनावर असते आणि बहुधा मनात शरम असते. दुसऱ्यांच्या बरोबर लहान मुले असतात. सोडणारा आणि नेणारा एकाच बाकावर बसले तर रोगही पसरतो आणि उत्साहही मावळतो.

*

हे सारे आज सांगण्याचे कारण आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातली सगळी मोकाट कुत्री निवाऱ्यात नेण्याचा हुकूम दिला. अकरा दिवसांनी, २२ तारखेला, तो बदलून नसबंदी व लस झालेली कुत्री त्यांच्या जागी सोडावीत असे सांगितले. पिसाळलेली व आक्रमक कुत्री यातून वगळली. नोव्हेंबरच्या ७ तारखेला मात्र शाळा, इस्पितळे, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा जागांतली कुत्री हलवावीत व तेथे परत सोडू नयेत असा आदेश झाला. शाळामास्तर म्हणून मला त्यामागची चिंता कळते. पिसाळलेल्या कुत्र्याची भीती खोटी नाही. चावलेल्या पोराला घेऊन बाप इंजेक्शनासाठी धावतो तेव्हा त्याला प्राणिदयेवर प्रवचन देणारा मनुष्य निर्दय म्हटला पाहिजे. पण परत सोडावयाचे नाही म्हटले की एक तोटी बंद झाली. मग उरलेली तोटी कोणती? हा हुकूम वाचताना मला आमच्या फळ्यावरचा हौद दिसला.

मध्यंतरी माझ्या ओळखीचे एक निवृत्त ओव्हरसियर एका नगरपालिकेच्या नियोजित निवाऱ्याचा नकाशा घेऊन माझ्याकडे आले. मी या विषयावर वाचतो हे त्यांच्या कानावर गेले होते. पत्र्याच्या छपराखाली समोरासमोर वीस-वीस कोठड्या, मधून एकच उघडे गटार, आणि पुढे कमानीचे एक भक्कम फाटक. मी विचारले, “आप्पा, कुत्रे न्यायला कोणी आले तर त्याने कुठे बसायचे?”

“न्यायला?” आप्पा म्हणाले. “मास्तर, इथे आणायचं काम आहे. न्यायचं कलम एस्टिमेटात नाही.”

मी त्यांना चहा दिला आणि खंभातची गोष्ट सांगितली. म्हाताऱ्याचा चष्मा आणि कापसाची पेटी ऐकून त्यांना हसू आले. मग ते बराच वेळ गप्प बसले. जाताना त्यांनी कमानीवर पेन्सिलीने काट मारली, कारण ‘हिचाच पैसा दुसऱ्या दाराला लागेल.’ पूर्वेच्या भिंतीत एक लहान दार काढले, त्याच्या आत दोन बाक काढले, आणि बाहेर कडुनिंबाचे एक झाड. नकाशा अजून सभेपुढे जावयाचा आहे. सभा काय करील ते सांगता येत नाही. सभांना कमानी आवडतात.

आप्पांनी दार काढले, पण त्या दाराने येणारा माणूस कोणत्याही नकाशात काढता येत नाही. खंभातच्या इस्पितळाची सारी किमया त्या एका ‘धर्मशील गृहस्था’वर उभी होती. तो होता म्हणून पाखराला पिंजऱ्याबाहेर जागा होती. मेरी टील्बींना तो लंडनमध्ये शोधावा लागला, कॅरोलाइनबाईंना फिलाडेल्फियात. आपल्या गावातही तो असणारच. कदाचित या क्षणी तो चकलीचा तुकडा मोडीत हा अंक चाळीत असेल.

त्याला दोन गोष्टी सांगतो आणि पुरे करतो. दिवाळीची भेट म्हणून मुलांना पिल्लू आणू नका. भेटीचा कागद फाटतो, पिल्लू बारा-बारा वर्षे जगते. आणि या चार दिवसांत फटाक्यांना बिथरून घर चुकलेले एखादे कुत्रे तुमच्या जिन्याखाली अंग चोरून बसले असेल, तर त्याला हाकलण्यापूर्वी गळ्यात पट्टा आहे का तेवढे पाहा. असला तर त्याचा धनी शोधा. नसला, तरी पाण्याचा वाडगा ठेवा, आणि फराळ आटोपल्यावर घरच्या मंडळींना एकदा विचारा.